नळीतले शिसे

चंदीगडच्या उत्तर टोकाला, शिवालिकच्या टेकड्यांसमोर, कॅपिटल कॉम्प्लेक्स या नावाने ओळखला जाणारा इमारतींचा समूह आहे. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय अशा तीन प्रमुख वास्तू ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने तेथे एका विस्तीर्ण पटांगणाच्या आश्रयाने उभ्या केल्या. एकट्या सचिवालयाची लांबी २५४ मीटर भरते. २०१६ साली युनेस्कोने हा समूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. पाहावयास येणाऱ्या माणसाच्या नजरेत प्रथम भरते ते भिंतींचे उघडे काँक्रीट. त्यावर गिलावा नाही, रंगाचा हात नाही. काँक्रीट ओतताना ज्या फळ्यांचा साचा केला होता, त्यांच्या रेषा आणि सांधे भिंतीवर जागोजागी जसेच्या तसे उमटलेले दिसतात. त्या फळ्या केव्हाच जळणात गेल्या असतील; त्यांचा ठसा मात्र राहिला आहे.

याच समूहातील उच्च न्यायालयात पंजाब, हरियाणा आणि चंदीगड येथील फौजदारी अपिले चालतात, आणि त्यांतील काहींत अशाच एका ठशाचा प्रश्न उपस्थित होतो. सापडलेली गोळी पकडलेल्या बंदुकीतूनच सुटली काय, हा तो प्रश्न. अशा बाबतीत तज्ज्ञाचे मत विचारात घेण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ३९ वे कलम तिच्या जागी आले आहे. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे पाडलेले असतात. गोळी त्यांतून घासत बाहेर पडते आणि त्या नळीच्या बारीकसारीक ओरखड्यांची नक्कल अंगावर घेऊन जाते. तज्ज्ञ त्याच बंदुकीतून पाण्यात किंवा कापसात गोळ्या झाडतो आणि दोन्ही गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून ओरखडे जुळतात की नाहीत ते पाहतो.

हे सर्व तांब्याचे कवच असलेल्या गोळीच्या बाबतीत पुष्कळसे सुरळीत होते. परंतु .२२ बोअरची, नुसत्या शिशाची गोळी आली की तज्ज्ञाला अधिक सावध व्हावे लागते. शिसे मऊ असते. आदळल्यावर चेपते, हे तर झालेच. पण त्याहून नाजूक अडचण अशी, की शिशाची गोळी नळीतून जाताना ठसा जसा घेते तसाच स्वतःचा थोडासा अंश नळीत ठेवूनही जाते. पुढच्या गोळीला नळीचे पोलाद भेटत नाही. मागच्या गोळ्यांचे शिसे, मेण आणि काजळी यांचा पातळ लेप भेटतो. आणि हा लेप दर गोळीला थोडा थोडा बदलत असतो. एकाच नळीतून लागोपाठ सुटलेल्या दोन गोळ्यांवरील ओरखडेही म्हणून कधी कधी तंतोतंत जुळत नाहीत.

न्यायालयातील तज्ज्ञाची ही जी अडचण, तीच निराळ्या रूपात नेमबाजाची रोजची काळजी असते. चंदीगडच्या वायव्येला पतियाला की राव नावाचा एक पावसाळी ओढा आहे. त्याच्या परिसरातील नेमबाजीच्या मैदानावर किंवा कोल्हापूर, पुणे, मुंबई येथील मैदानांवर जी मुलेमुली पन्नास मीटरच्या रायफलचा सराव करतात, त्या सर्वांच्या नळ्यांत हे शिसे साचते. ते किती साचू द्यावे, केव्हा काढावे आणि मुळात कोणत्या काडतुसाने ते कमी साचेल, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक उस्ताद निरनिराळी देतो आणि प्रत्येकजण तितक्याच ठामपणे देतो.

हे काडतूस आहे तरी कसे? ज्याला .२२ लाँग रायफल म्हणतात ते अमेरिकेत १८८७ साली तयार झाले, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्याचा मूळ घाट बदललेला नाही. पितळेची बारीक पुंगळी, तिच्या बुडाशी बाहेर आलेली कड, आणि त्या कडेच्या पोकळीत भरलेला स्फोटक मसाला. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी असते. येथे कडच टोपीचे काम करते. फायरिंग पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि दारूला आग लागते. अशा काडतुसाला रिमफायर म्हणतात ते यामुळेच. कड चेपता यावी म्हणून पुंगळीचे पितळ पातळ ठेवावे लागते. पितळ पातळ म्हणून दाब बेताचा. दाब बेताचा म्हणून साध्या शिशाची गोळी चालते. गोळीचे वजन सुमारे अडीच ग्रॅम. तिच्या अंगावर मेणाचा किंवा चरबीचा हात दिलेला असतो, आणि बोटाला चिकट लागणारा हा हात पुढे सांगावयाच्या सर्व हकिगतीत महत्त्वाचा आहे.

चाप ओढल्यापासून गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत सेकंदाचा काहीशेवा भाग लागतो. एवढ्या अवधीत ती आट्यांत शिरते, पीळ घेते आणि सेकंदाला सुमारे आठशे फेऱ्यांच्या वेगाने स्वतःभोवती फिरू लागते. मागून तापलेला वायू रेटत असतो. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि वायू त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. तरीही गोळी वितळत नाही, कारण तेवढा वेळच तिला मिळत नाही. मात्र गोळी आणि नळी यांच्यामध्ये कोठे फट राहिली, तर त्या फटीतून वायू निसटतो आणि गोळीची कड खरवडून ते शिसे पुढे नळीला लावतो. नळी आतून खडबडीत असेल तर गोळी किसणीवर खोबरे किसावे तशी किसली जाते. मेणाचा हात अपुरा असेल किंवा जुनेपणाने सुकून गेला असेल, तर नळीच्या शेवटच्या भागात गोळी कोरडी पडते आणि तेथे शिशाचे पट्टे दिसू लागतात. वेग जितका अधिक तितके हे सर्व अधिक. शिसे कोठे साचले आहे यावरून जाणता माणूस दोष कशात आहे याचा अंदाज बांधतो. तोंडाशी साचले असेल तर वंगण कमी पडले. चेंबरच्या पुढेच साचले असेल तर गोळी आणि नळी यांचे माप जमत नाही किंवा तेथे काजळीचे कडे धरले आहे.

यावर सर्वसामान्य माणूस म्हणेल, की एवढे आहे तर रोज नळी घासून लखलखीत करावी. फौजेत, पोलिसांत आणि १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेनेत पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकविले गेले. गोळीबार संपला की पुल-थ्रू आणि चिंदी घेऊन बसावयाचे, आणि चिंदी पांढरी निघेपर्यंत उठावयाचे नाही. या शिस्तीला एके काळी सबळ कारण होते, आणि ते कारण शिसे नव्हते. जुन्या काडतुसांच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर नळीत जो क्षार उरे तो आपल्या खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. हवेतील ओल शोषून घेऊन एका रात्रीत पोलादावर गंज चढविणारा. थ्री-नॉट-थ्रीच्या नळीत उकळते पाणी ओतीत असत ते हा क्षार विरघळविण्यासाठी. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत आणि अमेरिकेत क्षार न सोडणारा मसाला निघाला आणि पुढे .२२ च्या काडतुसांत तोच रूढ झाला. कारण गेले, पण रीत राहिली. आपल्या कचेऱ्यांतूनही असे पुष्कळदा घडते. ज्या नोंदवहीचा उपयोग कोणालाच आठवत नाही ती वर्षानुवर्षे बिनचूक भरली जाते.

ही रीत नुसती निरुपयोगी असती तर बोलण्याचे कारण नव्हते. ती अपायकारक ठरू शकते. .२२ ची चांगली नळी योग्य काडतुसाने हजारो गोळ्या झाडल्या तरी फारशी झिजत नाही. तिला जी इजा होते ती बहुधा साफ करणाऱ्याच्या हातून होते. गज तोंडाकडून घातला, तो वाकला, आणि तोंडाच्या कडेवर रोज एकाच जागी घासला गेला, की कड असमान होते. गोळी नळीशी शेवटचा संबंध तोडते ती त्या कडेवर. तेथे एका बाजूने वायू क्षणभर आधी सुटला तर गोळी कलते, आणि मग नेम कितीही अचूक असो, उपयोग होत नाही. म्हणून गज मागच्या बाजूने, मार्गदर्शक नळीतून घालावा, तो आच्छादलेला असावा, आणि पोलादी ब्रश नळीत घालूच नये, असे जाणकार सांगतात.

दुसरी गोष्ट याहूनही ध्यानात घेण्याजोगी आहे. लखलखीत नळी ही अचूक नळी नव्हे. पूर्ण साफ केलेल्या नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. मेण आणि काजळी यांचा पातळ, सारखा थर आत बसला, की गोळ्या एकत्र पडू लागतात. हा थर बसावयास दहा-वीस, कधी त्याहून अधिक गोळ्या लागतात. काडतुसाची जात बदलली, म्हणजे एका कारखान्याचे चिकट चरबीचे वंगण जाऊन दुसऱ्याचे कोरडे मेण आले, की जुना थर निघून नवा बसेपर्यंत नळी पुन्हा बेभरवशाची होते. शिशाच्या ज्या लेपाला आपण शत्रू समजतो त्याचा एक अंश असा नेमबाजाच्या कामाचा असतो. तो वाढू न देणे आणि तो बदलू न देणे, या दोहोंमध्ये खरी कसोटी आहे. आणि ती घासण्याने जितकी साधते त्यापेक्षा काडतुसाच्या निवडीने अधिक साधते.

निवडीतला पहिला प्रश्न वेगाचा. दुकानात ज्या डब्यांवर अतिवेगाची जाहिरात असते त्यांतील गोळी सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास किंवा अधिक वेगाने सुटते. स्पर्धेची गोळी मुद्दामच मंद, सुमारे सव्वातीनशे मीटर वेगाची, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून कमी ठेवलेली असते. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळीला जो हेलकावा बसतो तो अशा गोळीला बसत नाही, आणि शिसेही कमी खरवडते. काही गोळ्यांवर तांब्याचा मुलामा असतो. तो इतका पातळ असतो की त्याला कवच म्हणणे योग्य होणार नाही; आणि अशा गोळ्या झाडल्याने नळीतले जुने शिसे निघून येते हा समज तर सोडूनच द्यावा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेत गोळी शिशाची किंवा तत्सम मऊ द्रव्याचीच लागते, त्यामुळे शिशापासून सुटका हवी म्हणून दुसरीकडे वळण्याची वाट नेमबाजाला मोकळी नाही.

दुसरा प्रश्न सारखेपणाचा, आणि तो अधिक कठीण. पन्नास मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी तेथवर पोहोचेतो नळीच्या रेषेपासून सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते, आणि हे खाली येणे धरूनच दृष्टिसाधन लावलेले असते. आता समजा, एक गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला दहा मीटर मंद सुटली. ती सात-आठ मिलिमीटर अधिक खाली लागेल. म्हणजे दहाच्या मध्यावर बसावयाची ती दहाच्या अगदी कडेवर जाईल. हात हलला नाही, श्वास चुकला नाही, आणि तरी गुण गेले. म्हणून मोठे नेमबाज काडतुसाचे नुसते नाव पाहून थांबत नाहीत. ते त्याची खेप पाहतात. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन खेपा एका नळीला सारख्या मानवतील असे नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली कंपनीच्या, जर्मनीत फ्युर्थ येथे आरडब्ल्यूएसच्या आणि श्योनेबेक येथे लापुआच्या चाचणी-केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. ती शिकंजात घट्ट बसवितात, निरनिराळ्या खेपांच्या गोळ्या झाडून पाहतात आणि जी खेप सर्वांत लहान घोळका देईल ती विकत घेतात. कोणती नळी कोणत्या खेपेशी जमेल हे आधी कोणालाही सांगता येत नाही. पत्रिका जुळवून पाहण्यासारखाच हा प्रकार आहे; फरक एवढाच की येथे निकाल लगेच कागदावर दिसतो.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. पन्नास मीटर रायफल, तीन आसने या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांना सुवर्णपदक मिळाले आणि चंदीगडच्या अंजुम मौदगिल यांना रौप्य. एकीचे गुण ४५७.९, दुसरीचे ४५५.७. ती अंतिम फेरी पंचेचाळीस गोळ्यांची होती. दोघींतील २.२ गुणांचे अंतर त्यांवर वाटले, तर दर गोळीमागे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी पडते. तेजस्विनी सावंत यांनी त्याआधी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळविले होते, सहाशेपैकी ५९७ गुणांनी. गुडघ्यावर, पालथे पडून किंवा उभ्याने रायफल स्थिर धरणे ही माणसाची कमाई आहे आणि ती काडतुसाच्या नावावर जमा करणे अन्यायाचे होईल. पण अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब जेथे चालतो तेथे नळीतल्या लेपाला किरकोळ म्हणून चालत नाही.

कोल्हापूर आणि चंदीगड या दोन गावांच्या हवेत जे अंतर आहे ते या बाबतीत मोठे आहे. राधानगरीच्या बाजूचा पाऊस एकदा लागला की लाकडालाही बुरशी येते. तेथे नळीचा खरा वैरी गंज. तेथे रायफल ठेवून देताना तेलाचा हात फिरविणे आवश्यक असते, आणि झाडण्यापूर्वी ते तेल कोरड्या चिंदीने काढणे त्याहून आवश्यक असते. तेलकट नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात आणि बिचारा नवशिका स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहतो. चंदीगडला जानेवारीतील धुक्याच्या सकाळी पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि जूनमध्ये बेचाळिसावर जातो. थंडीत गोळीवरचे मेण कडक होते. नळीला ते सारखे लागावयास अधिक गोळ्या खर्ची पडतात. उन्हाळ्यात तेच मेण पाझरू लागते आणि डबा उघडा राहिला तर वाऱ्याबरोबर आलेली बारीक धूळ धरते. धूळ चिकटलेली गोळी म्हणजे नळीत फिरविलेला पॉलिश कागदच. काडतुसे सावलीत झाकून ठेवावीत ही सूचना साधी वाटते, परंतु नळीचे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे याच प्रकारात स्वप्नील कुसाळे यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले. पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवे, आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी तिसरे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे त्यांचे गाव, आणि मध्य रेल्वेत नोकरी. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. ते जाहीर झाल्यावर रायफल हाती घ्यावीशी वाटलेली मुले महाराष्ट्रात थोडी नसतील. त्यांच्या आईवडिलांना लवकरच जी गोष्ट कळते ती अशी, की रायफल एकदा घ्यावयाची असते, पण काडतुसे दररोज लागतात. आपल्या देशात ऑर्डनन्स कारखान्यांनी .२२ ची काडतुसे केली आहेत. पुण्याजवळ खडकीला तर १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तथापि उच्च दर्जाच्या स्पर्धेची गोळी परदेशातूनच येते, आणि परवाना, आयात व वाटप या तीन दारांतून नेमबाजापर्यंत पोहोचते. करोनाच्या साथीनंतर जगभर काडतुसांचा तुटवडा पडला तेव्हा ही साखळी किती बारीक आहे ते सर्वांना दिसून आले.

अशा मुलाला वर सांगितलेली निवड करावयास मिळत नाही. जे हाती येईल ते तो झाडतो. सरावाला एक काडतूस, स्पर्धेला दुसरे. या महिन्यात एका खेपेचे, पुढल्या महिन्यात आणखी कोणाचे उरलेले. दर बदलाबरोबर नळीतला लेप बदलतो, आणि त्याच्या गुणांतील चढउतार हाताचे आहेत की नळीचे, हे त्यालाच काय, त्याच्या शिक्षकालाही सांगता येत नाही. श्रीमंत घरच्या मुलाचे आणि त्याचे खरे अंतर रायफलच्या किमतीत तेवढे नसते. ते येथे असते. क्लबांनी आणि संघटनांनी काडतुसे वाटताना निदान एका मुलाला वर्षभर एकाच खेपेची मिळतील एवढी नोंद ठेवली, तरी पैसा अधिक न खर्चता पुष्कळ अन्याय टळेल. खेपेचा क्रमांक प्रत्येक डब्यावर छापलेलाच असतो.

शिसे काढण्याचे काही घरगुती उपाय तोंडोतोंडी फिरत असतात, त्यांविषयी स्पष्ट बोलणे बरे. पूर्वी काही जण नळीत पारा फिरवीत. पारा शिशाला धरून ठेवतो हे खरे, परंतु त्याची वाफ फुप्फुसात जाते. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण शिसे विरघळविते, पण त्यातून शिशाचे विषारी क्षार तयार होतात आणि वेळ चुकली तर पोलादही खाल्ले जाते. जे काम कापसाची गोळी, नळी धुण्याचे साधे द्रावण, पितळी तारांचा ब्रश आणि थोडा धीर यांनी होते, त्यासाठी विष हाताळण्याचे प्रयोजन नाही. शिशाचा धोका नळीपुरता नाहीच. मसाल्यातही शिशाचे संयुग असते, त्याची धूळ हातांवर आणि कपड्यांवर बसते, आणि मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. मैदानावर बसल्याबसल्या डबा उघडून पोळी खाणाऱ्या मुलाला शिक्षकाने उठवून आधी साबणाने हात धुवावयास पाठवावे. घासलेल्या चिंद्या घरच्या केरात जाऊ नयेत.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, गुण मोजावयास सुरुवात होण्यापूर्वी, नेमबाजांना चाचणीच्या गोळ्या झाडावयास वेळ दिलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, ते दृष्टिसाधन जुळवीत आहेत. ते तर करतातच. पण बारकाईने पाहिले तर पहिल्या काही गोळ्यांकडे त्यांचे विशेष लक्ष नसते. त्या कोठेही लागोत. नंतर एक गोळी मध्याजवळ बसते, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी पहिल्या दोहोंना चिकटून. तेव्हा कोठे नेमबाज मान वर करतो, डब्यातली काडतुसे मोजतो आणि दृष्टिसाधनाच्या चाकाला हात घालतो.